दोन्ही हातांवर एकसारखं

पानाची मागची बाजू बघितल्याशिवाय ते भाजी घेत नसत. मंडईत पालकाची जुडी उचलली की खिशातून पितळेचं घडीचं भिंग काढायचं, एक पान उलटं करायचं, त्याच्यावर भिंग उभं करायचं आणि डोळा लावायचा. मागं गिऱ्हाईक खोळंबलं तरी हलायचं नाही. भाजीवाली वैतागायची.

"मास्तर, पालक न्यायचा तर न्या की. त्याची सोयरीक जमवायची हाय का?"

"थांब गं, शिरा बघतोय."

"कीड न्हाय त्यात, देवाशपथ."

"कीड असली तर लईच बरं," ते म्हणायचे. आणि खरंच एखादी अळी निघाली तर हटकून तीच जुडी घ्यायचे. घरी आल्यावर पालक त्यांच्या बायकोकडं, म्हणजे काकूंकडं, अळी बशीत. संध्याकाळपर्यंत त्या अळीच्या अंगावरचे पट्टे चौकटीच्या कागदावर उतरलेले असायचे.

ते भिंग कापडातले धागे मोजायचं होतं. चादरीच्या कारखान्यात ते डिझाईनमास्तर होते. सोलापुरात तेव्हा गल्लोगल्ली माग खडखडायचे, आणि निम्म्या चादरींवरचे मोर, गुलाब आणि हत्ती कुणाच्या हातचे आहेत हे पांघरणाऱ्याला माहीत नसायचं. काही ह्यांच्या हातचे होते.

मी त्यांचा भाडेकरू. घराच्या मागं पत्र्याची एक खोली होती, ती कॉलेजच्या पोराला द्यायची म्हणून त्यांनी राखली होती. मी वळसंगचा. आमच्या घरातच नव्हे, सगळ्या भावकीत मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं होतं. ह्याचा मला अभिमान होता, अजून आहे, आणि तो झाकून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही. आमच्या गळ्यात लिंग, त्यांच्या भिंतीवर लाकडी क्रूस. आईनं पहिल्याच सुट्टीत विचारलं, "तितं जेवतोस काय रे?" मी नाही म्हणालो. जेवत होतो.

मास्तर मला नावानं हाक मारत नसत. "ए बीएस्सी" म्हणायचे. त्यात चेष्टा थोडी होती आणि मान बराच होता. ते स्वतः मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले.

त्यांचं काम समजल्याशिवाय माणूस समजायचा नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एक बारीक चौकोन म्हणजे एक धागा. चौकोन रंगवला तर धागा वर, मोकळा सोडला तर खाली. मग कागदावरच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड घ्यायचं आणि त्यात हिशेबानं भोकं पाडायची. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून मागाच्या डोक्यावर चढवली की माग ती एकामागून एक वाचतो, आणि खाली मोर उतरतो. एका कार्डात एक भोक चुकलं, तर जितके मोर निघतील तितक्या मोरांच्या अंगावर तीच चूक.

असं एकदा झालं होतं. मोराच्या मानेत एक ठिपका जास्तीचा. मालकांनी चादर उजेडात धरली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, "मास्तर, हे बघायला मोरच यायला पाहिजे. माणूस पांघरतो आन् झोपतो."

"माणूस झोपला तरी चूक जागीच असतीय मालक."

त्यांनी ते कार्ड काढलं, नवं पाडलं, आणि तीन दिवसांचं विणलेलं कापड बाजूला ठेवायला लावलं. मालक तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलले. मास्तरांना तेलुगू कळत होतं, पण त्यांनी न कळल्यासारखं केलं.

ही गोष्ट सांगून झाली की ते नेहमी एक वाक्य जोडायचे. "यंत्र चुकत न्हाय, कार्ड चुकतं. आन् देवाचं चुकलेलं कार्ड मी अजून बघितलेलं न्हाय."

हे ते उगाच म्हणत नव्हते. शोधत होते. रविवारी उपासना आटोपली की कोट तसाच अंगात ठेवून कुंभारीच्या रस्त्यानं चालत सुटायचे. करडईचं वाळलेलं बोंड, टोळाचा पाय, बाभळीची शेंग, असलं काहीबाही रुमालात बांधून आणायचे. मग जेवणाच्या टेबलावर भिंग, पेन्सिल आणि चौकटीचा कागद. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात "पुरावा" असं लिहून खाली तारीख. अशा कागदांनी एक पत्र्याची ट्रंक भरली होती. काकू तिला "कोर्टाची ट्रंक" म्हणायच्या.

"खटला कवा उभा ऱ्हायचा म्हणं?" त्या मला विचारायच्या. "साक्षीला अळ्याच यायच्या."

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, त्यात वय वीस. मी त्यांना सोडणार थोडाच. एकदा त्यांनी झाडाच्या सालीवर बसलेला पतंग दाखवला. साल कुठं संपते आणि पंख कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. मी वर्गात ऐकलेलं सगळं ओतलं. जे पतंग सालीसारखे नव्हते ते पाखरांनी खाल्ले, जे होते ते उरले, त्यांची पिल्लं तशी झाली. काढणारा कुणी लागत नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला कारखान्यात नेलं. कार्डं पाडायच्या यंत्राखाली भोकांतून पडलेल्या गोल टिकल्यांचा ढीग साचला होता. त्यांनी मूठभर टिकल्या उचलल्या आणि फरशीवर भिरकावल्या.

"बघ, गुलाब झाला का?"

"नाही."

"वीस वर्सं रोज पडत्यात. एकदा बी न्हाय झाला. निदान पाकळी?"

"मास्तर, वीस वर्षं कमी पडतात. कोट्यवधी वर्षं लागतात."

"कोट्यवधी वर्सं हितं झाडू मारल्याबिगर कोण ठेवंल रे?" यंत्रावरची माणसं हसली. मीही हसलो. मग ते हळूच म्हणाले, "तू म्हणतोस ते खोटं म्हणत न्हाय मी. चांगलं डिझाईन टिकतं, आमच्याकडं बी तसंच हाय. पन टिकायच्या आधी ते कुणीतरी काढावं लागतं."

 मला उत्तर रात्री सुचलं, पण तेव्हा ते झोपले होते.

मग दुष्काळाची वर्षं आली. कुंभारीच्या रस्त्याला दोन्ही अंगांना काळं रान उघडं पडलं होतं. रस्त्याच्या कडेला सरकारी कामावर बाया खडी फोडत बसायच्या. मास्तरांचं फिरणं थांबलं नाही, फक्त रुमाल रिकामा यायला लागला. एका रविवारी मी बरोबर होतो. एका आटलेल्या तळ्यात उतरून ते कोटासकट गुडघ्यांवर बसले आणि चिखलाच्या भेगांवर भिंग धरलं.

"कोपरे बघ बीएस्सी. पाच, सहा, सहा, पाच. मातीला कुणी शिकवलं हे?"

वरच्या काठावर पदरानं डोकं झाकलेली एक बाई उभी होती, हातात घण. बराच वेळ बघत असावी.

"काय हुडकताय बाबा? पानी हाय का तितं?"

"न्हाय माय. डिझाईन बघतोय."

"मग ते पिऊन बघा," ती म्हणाली आणि वळून चालू लागली.

ते उठले. गुडघ्यांची माती झाडली नाही. 

त्यांना एकच मुलगी. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान. मॅट्रिक होऊन घरी होती, रविवारच्या शब्बाथशाळेत लहान पोरांना बायबल शिकवायची. मला दादा म्हणायची. हुशार होती आणि बापासारखीच जिभेची तिखट. त्याच दिवसांत तिच्या हातांवर पांढरे डाग दिसायला लागले. आधी बोटांच्या पेरांवर, मग मनगटावर. कोड. काकूंनी शिवणाऱ्या बाईकडून तिचे सगळे ब्लाऊज लांब बाह्यांचे करून घेतले. सोलापूरचा उन्हाळा, आणि मनगटापर्यंत बाह्या.

तिला बघायला केम गावाहून पाहुणे आले. मुलगा रेल्वेत. ती चहाचा ट्रे घेऊन आली, कप पुढं करताना बाही मागं सरली.  मुलाच्या आईनं घेतलेला कप तसाच खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. गाडीची वेळ झाली म्हणून सगळे उठले. गाडीला अजून दोन तास होते. मी खोलीच्या दारातून हे बघत होतो. टेबलावर पाच भरलेले कप, आणि ती एकेक कप उचलून मोरीत ओतत होती.

काकू आत रडत होत्या. मास्तर समजूत घालायला गेले तसा त्यांचा आवाज चढला. "एकदा म्हणा की ओ. एकदा तरी म्हणा, देवाचं कार्ड चुकलं!"

 त्या दिवसापासून मास्तरांनी लेकीचे हात उतरवून घ्यायला सुरुवात केली.

मी हे सांगतो तेव्हा लोकांना ते निष्ठुर वाटतात. तसे ते नव्हते. पोर चुकलेली नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं आणि त्यांना सिद्ध करायची एकच रीत येत होती. महिन्यातून एकदा ती टेबलाशी बसायची. दोन्ही हात पालथे. ते वरून पारदर्शक कागद धरून डागांच्या कडा पेन्सिलीनं गिरवायचे, इतक्या हलक्या हातानं की तिला लागू नये. मग तो कागद मधोमध दुमडून खिडकीच्या उजेडात धरायचे. एक दिवस त्यांनी मला ओरडून बोलावलं.

"बीएस्सी, हे बघ! डावं उजव्यावर बसतंय. दोन्ही हातांवर एकसारखं!"

मी बघितलं. बऱ्यापैकी जुळत होतं.

"आमी अर्धीच नक्षी काढतो," ते म्हणाले. "उरलेली अर्धी आरशागत उलटी आपोआप उतरती. पन आपोआप म्हंजे काय? मागावर दोऱ्यांची तशी बांधणी कुणीतरी केलेली असती. बांधल्याबिगर दोन बाजू जुळत न्हाईत रे. आजतागायत जुळलेल्या न्हाईत."

डाव्या हातावरचा डाग करंगळीकडं जरा जास्त पसरला होता. मला ते दिसत होतं. एका भोकासाठी तीन दिवसांचं कापड बाजूला ठेवणारा माणूस तिकडं बघत नव्हता.

"पप्पा, झालं का?" मुलगी म्हणाली. तिचे हात अजून टेबलावरच होते.

त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं. रांगेत तासन्‌तास जायचे. एकदा ती माझ्या पुढं होती, कमरेवर घागर. मागं न बघता तिनं विचारलं, "दादा, तुमच्या शास्त्रात ह्याचं काय लिहिलंय?"

"कशाचं?"

तिनं बाही थोडी वर केली.

माझ्या अभ्यासात त्याचं काहीच नव्हतं. एका साप्ताहिकात डॉक्टरचा सल्ला म्हणून चार ओळी वाचल्या होत्या, तेवढंच भांडवल. पण मी वर्गात बोलावं तसं बोललो. "कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या काही ठिकाणी मरतात. बस, एवढंच."

"कुणी काढत न्हाय?"

"कोण काढणार?"

"मुद्दाम न्हाय? काही शिकवायला, काही दाखवायला, असं न्हाय?"

"नाही गं. पेशी मरतात आणि डाग पडतात. कुणाचा हात नाही त्यात."

ती वळली. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं. "म्हंजे माझ्यावर कुणी बसून हे काढलेलं न्हाय," ती म्हणाली. "लई बरं झालं बघा." आणि घागर पुढं सरकवली.

जी गोष्ट बापाला जगवत होती तीच लेकीच्या उरावर बसली होती, हे मला तेव्हा तिथं रांगेत कळलं. कळून मी काही केलं नाही. माझी घागर भरायची होती.

त्यांच्या देवळात, चर्चला ते देऊळच म्हणतात, दर वर्षी हंगामाचा सण असतो. ज्याच्या त्याच्या रानातलं, परसातलं पहिलं पीक लोक आणून वेदीपुढं मांडतात. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी कुणाच्याच रानात काही नव्हतं. पाळकांनी जाहीर केलं की ज्यानं हातानं जे बनवलं असेल ते आणावं, प्रभू तेही पीक म्हणून घेईल. मास्तर महिनाभर कारखान्यातून उशिरा येत होते. विचारलं की नुसते हसायचे. मुलीला एकदा म्हणाले, "तुझ्यासाठीच हाय. त्या दिवशी बघ." मला नवल वाटलं. असं गुपित ठेवणं त्यांचं नव्हतं.

सणाच्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं होतं. मी शेवटच्या बाकावर बसलो. वेदीपुढं विणलेल्या टोपल्या, शिवलेल्या झबल्यांची एक गठडी, कुणी केलेलं लाकडी स्टूल. मास्तर घडी केलेली चादर घेऊन पुढं गेले आणि दोन पोरांना टोकं धरायला लावून ती उलगडली. गडद तपकिरी जमिनीवर पांढरे आकार. बेटांसारखे, ढगांसारखे, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना जुळे. इतकी देखणी चादर त्या कारखान्यातून निघालेली मी तरी दुसरी बघितली नाही. लोक वाकून वाकून बघायला लागले.

"हे माझं डिझाईन न्हाय," मास्तर म्हणाले.  "मी फकस्त उतरवून घेतलं. डिझाईन प्रभूचं हाय. माझ्या लेकीच्या हातावर त्यानं काढलं ते. लोक त्याला डाग म्हणत्यात. तुमी आता डोळ्यांनी बघा, आन् मला कुटं चूक दावा."

सगळ्या माना एकदम बायकांच्या बाकांकडं वळल्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं आधी बाह्या खाली ओढल्या. हात त्यात मावेनात म्हणून पदराखाली घातले. मग उठली आणि मधल्या वाटेनं दारापर्यंत चालत गेली. पळाली नाही. बाहेर पडली.

लिलाव करणारे गृहस्थ कसेबसे म्हणाले, "तर ही चादर... कुणाची बोली?" दोनदा विचारलं. कुणी बोलेना. मास्तर पुढं तसेच उभे होते. त्यांना अजून काय झालं ते कळलेलं नव्हतं. शेवटी पाळकांनी स्वतः ती चादर घडी करून टेबलाखाली ठेवली आणि स्टूल पुढं घेतलं.

घरी ती एवढंच बोलली. "मी काय तुमचा पुरावा हाय व्हय, पप्पा?"

"पोरी, मी तर त्यांना दाखवत होतो की तू..."

"देवानं हे मुद्दाम माझ्यावर काढलं असंल तर मला तुमचा देव नको. दादा सांगत्यात की कुणी काढलेलं न्हाय. मला तेच बरं वाटतंय."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. हिशेब लागत नसला की कागदाकडं बघायचे, तसं. दुसऱ्या दिवसापासून ते मला "तुमी" म्हणायला लागले.

महिन्याभरात ती लांबच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली. पत्रं यायची ती काकूंच्या नावानं. काकूंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या ती मास्तरांकडूनच वाचून घ्यायच्या. तिला हे माहीत होतं. पहिल्याच पत्रात होतं, पप्पांना सांग, हे कुणी मुद्दाम केलेलं नाही असं ज्या दिवशी ते स्वतः लिहितील, त्या दिवशी मी घरी येईन. मास्तरांनी ती ओळही वाचून दाखवली. गाळली नाही.

"लिहा की चार अक्षरं," काकू हातापाया पडायच्या. "तुमचं काय जातंय?"

"खरं वाटल्याबिगर कसं लिहू?"

"खोटं लिहा. पोरगी घरी यील."

"तिला खोटं लिहू?"

असं वर्षभर चाललं. पहिला नाताळ ती आली नाही. मास्तर मंडईत जायचे, भाजी घ्यायचे, पानं उलटी करायचे. पण भिंग नुसतं धरलेलं असायचं. एकदा भाजीवालीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हाताऱ्याला काय झालंय? भाव बी करंना."

माझा निकाल लागला. पास झालो. वळसंगहून वडील आले, गल्लीत पेढे वाटले, लोकांनी खांद्यावर थापा मारल्या. शेवटचा पुडा घेऊन मी मास्तरांकडं गेलो. ते टेबलाशी बसले होते. पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"बसा. एक विचारायचं हाय. तुमी आता पदवीधर झालाय म्हणून विचारतो. आधी विचारणार नव्हतो."

"विचारा मास्तर."

"नळावर तिला जे सांगितलंत ते पुस्तकात हाय?"

"आहे."

"तुमच्या कॉलेजच्या?"

"हो."

"बरं. मग दोन्ही हातांवर एकसारखं का? ते लिहिलंय का त्यात?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा नव्हतंच. मला वाटतं, तेव्हा कुणालाच पुरतं माहीत नसावं. "ते मला ठाऊक नाही मास्तर" एवढं म्हणायचं होतं. पण खिशात गुणपत्रिका होती, बाहेर वडील ओट्यावर बसून कुणालातरी माझं सांगत होते, आणि हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून शिकायला बसला होता. पोरगी घरी यावी असंही वाटत होतं. ते खोटं नाही. पण आधी मनात आलं ते दुसरंच.

"योगायोग," मी म्हणालो. "पुस्तकात तसंच दिलंय."

"योगायोग." त्यांनी तो शब्द तोंडात धरून बघितला. "तुमी वाचलंय? स्वतः?"

"स्वतः."

 मग त्यांनी ड्रॉवरमधून आंतरदेशीय पत्र काढलं आणि चौकोन भरावेत तसं एकेक अक्षर लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. तुझ्या हातावरचं कुणी मुद्दाम काढलेलं नाही. मी चुकलो. घरी ये.

"तुमी स्टेशनकडं निघालाय न्हवं? तेवढं पेटीत टाका."

मी टाकलं. पेटीजवळ थांबलो होतो, हे खरं. पण टाकलं.

त्या नाताळात ती आली. मी तोवर एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो होतो. सुट्टीत सोलापूरला आलो तसा काकूंनी जेवायला बोलावलं. मुलगी अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज घालून वाढत होती. डाग आता कोपरापर्यंत पोचले होते आणि ती ते झाकत नव्हती. दवाखान्यातल्या गमती सांगत होती. काकू सारख्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. मास्तरही हसत होते. तिनं बशी पुढं केली की घेत होते, बोलली की ऐकत होते.

त्यांच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेचं सांगायचं राहिलं. बोलताना ते आमच्यासारखंच बोलायचे, पण प्रार्थना सुरू झाली की भाषा छापील व्हायची, आणि ती संपायची नाही. अन्नाबद्दल आभार मानून झाले की ज्वारीच्या कणसाबद्दल, कणसातल्या दाण्यांच्या ओळींबद्दल, मुंगीच्या कमरेबद्दल, त्या दिवशी वाटेत जे जे दिसलं त्या प्रत्येकाबद्दल वेगळे आभार. मी त्या घरी चार वर्षं जेवलो, आणि कधी गरम जेवलो नाही. काकू डोळे मिटल्या मिटल्या हळूच ताटावर ताट पालथं घालायच्या. पूर्वी मुलगी टेबलाखालून मला बोटांवर मिनिटं मोजून दाखवायची.

सगळे बसले. काकूंनी सवयीनं ताटं झाकली. मास्तरांनी हात जोडले.

"हे प्रभू, ह्या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमेन."

आम्ही डोळे मिटूनच बसलो होतो. मग एकेकानं उघडले.

"पप्पा, एवढ्यात?" मुलगी हसून म्हणाली.

"भूक लागली की," ते म्हणाले.

तिनं आनंदानं त्यांच्या ताटावरचं झाकण काढलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून भाताला हात घातला. बोटं भाजली.